शब्दांची शेपटी, अर्थाची किल्ली

जुन्या रायपूरमधल्या वस्त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ असलेली पुरानी बस्ती, आणि त्याच जुन्या शहरातले ब्राह्मणपारा, कंकालीपारा, बूढापारा, तात्यापारा. 'पारा' म्हणजे आळी, मोहल्ला. एखाद्या शब्दामागे तो जोडला की वस्तीचे नाव तयार! सासरी आलेल्या सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारण्याची रीतही छत्तीसगढात आहे. रायपूरची लेक सासरी 'रायपुरहिन' होते. मूळ शब्द तोच, मागे छोटीशी शेपटी, आणि अर्थ मात्र नवा. व्याकरणात या शेपटीला प्रत्यय म्हणतात.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. 'नागपूरकर' हा शब्दही प्रत्ययानेच घडलेला! या घरांतली मुले गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि मराठी ऐकतात ती फक्त घरात. मग पालकांना वाटते, मुलावर इंग्रजीचे ओझे आहेच, निदान मराठीचे तरी कमी करावे. पण इंग्रजी शब्द ज्या रीतीने घडतात, ती रीत या मुलांना घरच्या भाषेतून आधीच ठाऊक असते. फक्त ती दाखवून द्यावी लागते.

तिकडेही तोच कारखाना

'शेजारी' या अर्थाच्या 'नेबर' शब्दाला 'हूड' जोडले की 'नेबरहूड' होते, म्हणजे आपला पाराच! आज नुसता प्रत्यय असलेला हा 'हूड' जुन्या इंग्रजीत स्थिती किंवा दर्जा सांगणारा स्वतंत्र शब्द होता. 'फ्रीडम', 'किंगडम' यांतला 'डम'ही एके काळी न्याय, निवाडा या अर्थाने एकटा वावरत असे. झिजत झिजत दोघे दुसऱ्यांच्या मागे उभे राहिले.

आपण 'मोठा'पासून 'मोठेपणा' करतो, तसे इंग्रजीत 'काइंड'पासून 'काइंडनेस' होते. 'भांडण' करणारा 'भांडखोर', तसा 'टीच' करणारा 'टीचर'. प्रत्यय परका असला तरी चालतो. मराठीने फारसीतला 'दार' घेतला आणि 'पाणीदार' घडवला. इंग्रजीने फ्रेंचमधून आलेला 'एबल' आपल्या 'ड्रिंक'ला जोडून 'ड्रिंकेबल' केला. आपण तर इंग्रजी 'डॉक्टर'ची 'डॉक्टरीण'सुद्धा केली!

हा कारखाना कधी बंद पडत नाही. शास्त्रज्ञांसाठी 'सायंटिस्ट' हा शब्द विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानाने 'आर्टिस्ट'च्या धर्तीवर सुचवला आणि तो 1834 मध्ये छापला गेला. 'हॅम्बर्गर' हा खरा 'हॅम्बर्ग' गावावरून आलेला शब्द. लोकांनी तो भलत्याच जागी तोडला आणि 'चीजबर्गर' जन्माला आला. आपल्याकडे 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटाने 'दादागिरी'तला 'गिरी' उचलून 'गांधीगिरी' घरोघर पोहोचवली.

जरा जपून

प्रत्यय ओळखला की अर्थ नेहमी कळतोच असे नाही. 'लेस' म्हणजे 'नसलेला', म्हणून 'वर्थलेस' म्हणजे कवडीमोल. पण 'प्राइसलेस' म्हणजे अनमोल! 'ऑफुल' आणि 'ऑसम' दोन्ही 'ऑ' या एकाच मुळातून निघाले. आज पहिला वाईटासाठी वापरतात, दुसरा उत्तमासाठी. स्पेलिंगमध्येही मुले ठेचकाळतात. 'फुल' या स्वतंत्र शब्दात दोन 'एल', पण 'ब्यूटिफुल'च्या शेवटी एकच. शिवाय 'ब्यूटी'तल्या 'वाय'चा तिथे 'आय' होतो.

घरची भाषा आड येत नाही

बूढापाऱ्यातली सप्रे शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते माधवराव सप्रे (1871-1926) मराठी मातृभाषेचे. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पुढे लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय कोशासाठी अर्थशास्त्राची हिंदी शब्दावलीही त्यांनी तयार केली. घरची मराठी त्यांच्या हिंदीच्या आड आली नाही. उलट तिच्याच आधाराने त्यांनी हिंदीला एवढे दिले.

म्हणून मुलाला पन्नास इंग्रजी शब्द घोकायला लावण्याआधी एकच प्रत्यय निवडावा. 'नेस' घेतला तर 'गुडनेस', 'डार्कनेस', 'वीकनेस' त्याला शोधू द्यावेत. मग त्यांच्या शेजारी 'चांगुलपणा', 'काळोख', 'अशक्तपणा' लिहायला सांगावे. कुठे 'पणा' येतो, कुठे येत नाही, हे त्याचे त्यालाच दिसेल. रोज दहा मिनिटे पुरेत. इंग्रजी शब्द वाढतील, आणि जी मराठी केवळ घरात उरली आहे, तीही त्याच वहीत जिवंत राहील.