फिशटँकचा आरओ बिघडला तर...

जळगावात वाघूर धरणाचं, धुळ्यात तापी आणि नकाणे तलावाचं पाणी येतं. जोडीला बोअरचं जड पाणी आलं, की आरओवर ताण पडतो.

• टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) वाढला? मशीनमध्ये जाणारं आणि बाहेर येणारं पाणी मीटरने मोजा. ५०० चा आकडा ५० च्या खाली येत नसेल, तर आधी टीडीएस कंट्रोलर बंद करून पाहा. मगच मेम्ब्रेन बदला.
• धार बारीक? तपकिरी झालेला सेडिमेंट फिल्टर बदला.
• क्लोरिनचा वास? कार्बन फिल्टर संपलाय. क्लोरिन मेम्ब्रेन खराब करतो, माशांचे कल्लेही जाळतो.
• मशीन थांबूनही सांडपाणी वाहतंय? सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासा.

निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने पीएच अचानक घसरतो. त्यात क्लोरिन काढलेलं नळाचं पाणी मिसळा आणि एका वेळी टँकमधल्या पाण्याचा चौथा हिस्साच बदला.