मोबाइलवरचं हवामान आणि डोंगरातला प्रवास



मे महिना उजाडला की मला ठरावीक फोन यायला लागतात. कधी बडोद्याहून, कधी इंदूरहून, कधी बेंगळुरूहून. "काका, अठरा जूनला आम्ही मनालीहून लेहला निघतोय. अ‍ॅपवर त्या दिवशी छान सूर्य दाखवतंय. मग काळजी नाही ना?" फौजेतली बरीच वर्षं लाहौल-लडाखच्या बाजूला गेली, त्यामुळे हवामान या विषयातलं मला सगळं कळतं अशी नातेवाइकांची समजूत आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण हातात अंदाजाचा कागद घेऊन, उद्या पहाटे जवान आणि गाड्या खिंडीकडे सोडायच्या की थांबवायच्या, हे मला पुष्कळदा ठरवावं लागलं आहे. तेवढ्या अनुभवावर आज बोलतो.

आधी त्या अठरा जूनच्या सूर्याचं बघू. महिनाभर पुढच्या तारखेसमोर दिसणारा सूर्य हा अंदाजच नसतो. अंदाज कसा तयार होतो? उपग्रह, विमानं, जहाजं, जमिनीवरची केंद्रं यांच्याकडून आत्ताच्या हवेची मापं येतात. शिवाय जगभरातून दिवसातून दोनदा, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, उपकरणं बांधलेले फुगे आकाशात सोडतात. ही सगळी मापं महासंगणकात घालून, आत्ता हवा अशी आहे तर पुढच्या तासाला कशी असेल, मग त्याच्या पुढच्या तासाला कशी, असं गणित पुढे पुढे नेतात. सुरुवातीच्या मापात केसाएवढी चूक असली तरी ती दर पावलाला वाढत जाते. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली हे दाखवून दिलं. साधारण दोन आठवड्यांनंतर कुठल्या दिवशी कुठे काय होईल हे सांगणं त्यामुळे जवळजवळ अशक्य होतं. त्यापुढच्या तारखांना अनेक अ‍ॅप मागच्या वर्षांची सरासरीच चित्र काढून दाखवतात. जूनमध्ये लेहला बहुतेक दिवस ऊन असतं, म्हणून सूर्य. ते पंचांग झालं, अंदाज नव्हे.

मग किती दिवसांपर्यंत विश्वास ठेवायचा? अमेरिकेच्या नोआ या संस्थेने सामान्य लोकांसाठी एक ठोकताळा दिला आहे. पाच दिवसांचा अंदाज दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा आठ वेळा, आणि दहा दिवसांच्या पुढचा निम्म्या वेळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि डोंगरात मी यातले दोन दिवस कमी करतो. हा माझा हिशेब, शास्त्राचा नव्हे.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अ‍ॅप म्हणजे वेधशाळा नव्हे. बहुतेक अ‍ॅपकडे स्वतःचं एकही उपकरण नसतं. मोजक्या मोठ्या संस्थांच्या संगणकातून निघालेले आकडे ती आपापल्या रंगात रंगवून दाखवतात. म्हणून एक अ‍ॅप पाऊस म्हणतं आणि दुसरं ऊन, कारण दोघांनी आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेले असतात. आणि हे संगणक पृथ्वीचे चौकोन पाडतात. अमेरिकेच्या जागतिक प्रणालीचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपीय केंद्राचा ९, आणि आपल्या हवामान खात्याने मे २०२५मध्ये सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा ६. सपाट मैदानात ६ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. हिमालयात तेवढ्या अंतरात नदी, जंगल, कडा आणि हिमनदी सगळं येतं. संगणक त्या सगळ्याची सरासरी काढून एकच डोंगर बनवतो, आणि असा डोंगर प्रत्यक्षात कुठेच नसतो.

मनालीहून निघालात की अटल बोगदा लागतो. लांबी ९ किलोमीटर. जुलैमध्ये दक्षिणेच्या तोंडाशी वायपर चालू असतात आणि उत्तरेला बाहेर पडल्यावर काळा चष्मा शोधावा लागतो, हे कितीतरी वेळा घडतं. पावसाचे ढग पीरपंजालच्या अलीकडेच रिकामे होतात. महाबळेश्वरहून वाईला उतरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

उंचीचंही तसंच. लेहचं तापमान पाहून लोक कपडे भरतात. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, खारदुंग ला ५३५९ मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात. म्हणजे लेहच्या बाजारात १४ अंश असतील तेव्हा खिंडीत साधारण दोन, आणि वर वारा. गावाचा अंदाज बघून खिंडीसाठी कपडे भरायचे असतील, तर ही वजाबाकी आधी करा.

आता जिथे अंदाज हमखास तोकडा पडतो ती जागा सांगतो. एकाच जागी तासाभरात ओतणारा ढग. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. लेहमध्ये ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटीने शेकडो माणसं नेली. लेहच्या वेधशाळेच्या मापकात मात्र जेमतेम १३ मिलिमीटर पाणी सापडलं. जे मापकालाही नीट दिसलं नाही, ते चार दिवस आधी अ‍ॅपला कुठून दिसणार? अशा ढगांसाठी रडार आणि पुढच्या तीन तासांचा इशारा एवढाच आधार असतो. हवामान खातं तो देतं, आणि प्रवासाच्या दिवशी माझ्या लेखी तो आठवडाभराच्या तक्त्यापेक्षा मोलाचा आहे.

याच्या उलट, मोठी प्रणाली आजकाल चांगली पकडली जाते. चक्रीवादळ, किंवा भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ. ऑक्टोबर २०२१मध्ये उत्तराखंडला हवामान खात्याने लाल इशारा आधीच दिला होता. चारधाम यात्रा थांबवली होती. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटर पाऊस झाला. तिथल्या वेधशाळेच्या १८९७पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. त्याच दिवसांत लमखागा खिंडीच्या वाटेवर ट्रेकर हिमवादळात अडकून गेले. तेव्हा कुणी 'हे खातं रोजच पिवळं-नारंगी दाखवतं' म्हणालं की मला राग येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. लाल असेल तर हॉटेलचे पैसे बुडू द्या.

टक्क्यांचा घोळ थोडक्यात सांगतो. '६० टक्के पाऊस' म्हणजे दिवसातले साठ टक्के तास पाऊस नव्हे, आणि जोर साठ टक्के असंही नव्हे. अशी हवा दहा वेळा आली, तर त्या जागी सहा वेळा पाऊस पडेल, एवढंच. संगणक सुरुवातीची मापं जराजरा बदलून तेच गणित पन्नासेक वेळा करतो आणि त्यातल्या किती वेळा पाऊस आला ते मोजतो. किती पडेल हे त्या आकड्यात नसतं. ते मिलिमीटरमध्ये बघा. २४ तासांत ६४.५च्या वर गेला की खातं त्याला जोरदार म्हणतं. बातमीपत्रातलं 'तुरळक ठिकाणी' म्हणजे भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. तुमचं गाव त्यात असेल की नसेल, हे कोणी सांगितलेलं नसतं.

मी स्वतः काय करतो? तारीख ठरवताना अ‍ॅप उघडत नाही, महिना बघतो. पाच दिवस आधीपासून रोज एकाच वेळी तोच अंदाज बघतो आणि लिहून ठेवतो. तीन दिवस तो जागचा हलला नाही तर भरवसा धरतो. रोज बदलत असेल तर संगणकालाच उमगलेलं नाही असं समजतो. आणि बेतात दोन दिवस रिकामे ठेवतो. पोरं म्हणतात, सुट्टी वाया जाते. पण परतीचं विमान उद्या सकाळी आहे म्हणून बिघडलेल्या हवेत खिंड चढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना पुढे ढकलणारं हवामान नव्हतं, तिकीट होतं. बर्फाच्या दिवसांत हिमस्खलनाचा वेगळा इशारा निघतो, डीआरडीओची डीजीआरई ही संस्था तो काढते. तोही बघावा.

खिंडी पहाटे ओलांडाव्यात. दुपारनंतर वारा उठतो, ढग चढतात, आणि उन्हाने वितळलेल्या बर्फाचं पाणी नाल्यांत येतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गाडीचं इंजिन बुडवतो. आभाळ निरभ्र असतानाही. हे कुठल्याही अ‍ॅपच्या चित्रात नसतं.

आणखी एक. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि मनाली-लेह रस्त्याच्या मोठ्या टप्प्यात कुठलीच रेंज नसते. म्हणजे बारालाचाच्या पायथ्याशी तुमच्या हातातला अंदाज सकाळचा, नाहीतर कालचा असतो. तिथे चहाच्या तंबूपाशी थांबा आणि समोरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा. तो थांबला नाही तर त्याच्या टपाकडे बघा. त्यावर ताजा बर्फ असेल तर तंबूतच आणखी एक चहा सांगा.