पंचवीसचा आकडा आणि पाच रुपयांचा परवाना

दिल्लीत 2025 साली दारू पिण्याचं कायदेशीर वय 25 वरून 21 वर आणायची चर्चा पुन्हा निघाली आणि आमच्या वाहिन्यांनी लगेच ठरलेला फड मांडला. एका चौकटीत व्यसनमुक्तीवाले, दुसऱ्या चौकटीत हॉटेलवाले, तिसरीत दाढी कोरलेला कुणी तरुण उद्योजक आणि खाली पट्टी, ‘महाराष्ट्रात काय होणार?’ काही होणार नाही. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 हे वय आहे. ते कुणी पाळत नाही, त्यामुळे बदलायचीही कुणाला घाई नाही.

दिल्लीनं 2021 मध्येच 21 जाहीर केलं होतं. ते मद्यधोरण वर्षभरात गुंडाळलं गेलं, त्यापायी पुढे मंत्री तुरुंगात गेले आणि वय होतं तिथंच राहिलं. हरियाणानं त्याच वर्षी 25 चं 21 केलं. केरळनं 2017 मध्ये उलटं, 21 चं 23. कर्नाटकानं 2023 मध्ये 18 वर यायचा मसुदा काढला आणि आरडाओरडा होताच मागे घेतला. गोव्यात वय 18 आहे. म्हणजे पत्रादेवीला उजळ माथ्यानं बिअर पिणारा एकोणीस वर्षांचा पोरगा चार पावलं चालून बांद्यात आला की गुन्हेगार होतो. एका देशात इतके आकडे असतील तर त्यामागं शास्त्र कमी आणि त्या त्या सरकारची सोय जास्त, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या वादाचा जुना काळ मला फारसा रमवत नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजींचा हट्ट, 1951 चा बलसारा खटला, वांद्र्याच्या आंटींचे अड्डे, वसंतराव नाईकांच्या काळात सैल झालेली बंदी, हे सगळं पुष्कळांनी पुष्कळ वेळा लिहिलं आहे. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. हा कायदा आजही मुळात दारूबंदीचाच आहे. दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. तो नसेल तर पंचवीस सोडा, पंचाहत्तरीचा माणूसही कायद्याच्या लेखी चोरून पितो.

बंदी सैल झाल्यानंतरची दशकंही अशीच गेली. वयाचा विषय कुणी काढत नसे. बाप दिसला की हातातली सिगारेट चपलेखाली चिरडणारी तेव्हाची पोरं. त्यांचं दारूचं वय सरकार ठरवत नव्हतं, बापाचा दरारा ठरवत होता.

खरा वाद पेटला तो 2007 ते 2017 या दहा वर्षांत. मी तेव्हा पुण्यात होतो, लिहीत होतो आणि दोन्हीकडून शिव्या खात होतो. हिंजवडी आणि मगरपट्ट्यात पगार सुरू झालेली बावीस-तेवीसची मुलं शनिवारी कोरेगाव पार्कात जाऊ लागली होती. त्यांच्या बापाचा दरारा लातूरला नाहीतर भुसावळला राहिला होता. 2007 च्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी रेव्ह पार्टीवर छापा पडला, अडीचशेहून जास्त तरुण-तरुणी पकडले गेले आणि शहरानं असा चेहरा केला की जणू पेशवाईनंतर इथं कुणी पेला हातात धरलाच नव्हता. तिथून ‘तरुण पिढी बिघडली’ हे आमचं रोजचं रडगाणं झालं.

त्या काळात माझं बसणं-उठणं पेठेच्या कडेला असलेल्या एका जुन्या परमिट रूममध्ये होतं. उकडलेले हरभरे, वर कांदा, लिंबाची फोड. नाइन्टी मागितली की वेटर मापानं ओतायचा आणि शेवटचा थेंब झटकून दाखवायचा. गल्ल्यापाशी एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं पडलेली असायची. महिनाअखेरीला दुपारच्या शांत वेळी मॅनेजर टेलिफोन डिरेक्टरी उघडायचा आणि एकेक नाव उतरवून पावत्या भरायचा. नाव डिरेक्टरीतलं, वय मनातलं. बेचाळीस, अडतीस, एकावन्न. एकदा मी विचारलं, ‘बावीस-तेवीसचा कुणीच नाही का?’ तो मान वर न करता म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडं लहान माणसं येतच नाहीत.’ मागच्या टेबलावर इंजिनिअरिंगची पोरं खंबा संपवत होती. आमच्या शहरातले किती सज्जन आपल्याला पत्ता नसताना त्या पुस्तकांत रोज पीत होते, ते देवाला ठाऊक.

2011 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं व्यसनमुक्ती धोरण मंजूर केलं आणि 25 हा आकडा घरोघर पोचला. सामाजिक न्यायमंत्री शिवाजीराव मोघे त्याचं समर्थन करत होते आणि अभिनेता इम्रान खान त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला होता. अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी नवरा आणि सरपंच होता येतं, मग व्हिस्कीला पंचवीस का, हा प्रश्न चोख होता. गावातल्या दुकानाविरुद्धच्या ठरावावर सही करणाऱ्या सरपंचाला त्या दुकानातली क्वार्टर घ्यायला आणखी चार वर्षं थांबावं लागणार होतं. आमदारकीला उभं राहायचं वयही 25 आहे. सरकारनं ही दोन कामं बरोबरीची धरली असावीत.

त्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या सभागृहात मी 21 च्या बाजूनं बोललो. एकच वय ठेवा, सगळ्या दारूला 21, पण मग ते दारात तपासा, असं माझं म्हणणं. खादीतले एक प्राध्यापक उठले आणि मला मद्य उत्पादकांचा दलाल म्हणाले. टाळ्या पडल्या. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते हा त्यांचा मुद्दा खरा होता आणि मी तो मान्यही केला. पण तो मुद्दा गल्ल्यावरच्या माणसापर्यंत कोण पोचवणार, यावर ते बसून राहिले. पुढं त्यांच्याच घरच्या लग्नात गच्चीवर काय चाललं होतं ते मी पाहिलं आहे. वऱ्हाडातल्या निम्म्या पोरांना मिसरूड फुटायचं होतं.

दुसरी बाजूही काही कमी नव्हती. मुंबईच्या एका संपादकानं माझा लेख परत केला, कारण त्यात मी आडवी बाटली, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं बायकांचं मतदान, आणली होती. ‘हा स्वातंत्र्याचा विषय आहे, खेड्यातल्या बायकांचा नाही,’ असं त्यांनी फोनवर सांगितलं. मला तर तो खेड्यातल्या बायकांचाच विषय वाटत होता.

नगर जिल्ह्यातल्या एका गावात मी तसं मतदान पाहिलं होतं. झेडपीच्या शाळेत सकाळपासून बायकांची रांग. पत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. एक म्हातारी शिक्का हातात घेऊन बाईंना विचारत होती, ‘आडवी म्हंजी पडलेलीच ना?’ मतं मोजली तेव्हा आडवी बाटली चांगल्या फरकानं पुढं होती. तरीही ती हरली. नियम असा की पडलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत; यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्यामुळं मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या सगळ्या बायका दुकानाच्या बाजूनं मोजल्या गेल्या. संध्याकाळी दुकानदारानं फटाके लावले. त्या बायकांचे नवरे पंचेचाळिशीचे होते. पिण्याचं वय 25 केल्यानं त्यांच्या घरात काय फरक पडणार होता?

माझं त्या दशकाबद्दलचं म्हणणं एवढंच आहे. बायका दुकान बंद करा म्हणत होत्या, सरकारनं त्यांच्या हातात 25 चा आकडा ठेवला. शहरातली मुलं आम्हाला मोठं समजा म्हणत होती, त्यांना वय कमी करण्याचं गाजर दाखवलं गेलं. आकडा सरकारला फुकट पडतो. त्याला निरीक्षक लागत नाहीत, महसूल बुडत नाही, कुणाचा परवाना रद्द करावा लागत नाही. दोन्ही बाजूंनी तो आनंदानं उचलला आणि गल्ला कुणी पाहिलाच नाही.

इंग्रजी पेपरांत तेव्हा अमेरिकेचे दाखले फार यायचे. तिथं 1971 मध्ये मताचं वय 18 झालं, मागोमाग बऱ्याच राज्यांनी दारूचंही खाली आणलं, रस्त्यावर पोरं मेली, मग 1984 च्या कायद्यानं रस्त्यांचा निधी कापायची धमकी देऊन सगळ्यांना 21 वर आणलं. 2008 मध्ये शंभराहून जास्त कॉलेजांच्या अध्यक्षांनी यावर पुन्हा चर्चा व्हावी म्हणून सह्या केल्या. हे सगळं इथं छापून यायचं, फक्त एक सोडून. न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या माझ्या टक्कल पडलेल्या मावसभावाला आजही वाईन घेताना ओळखपत्र मागतात. वाद तिथंही आहे, पण तो पाळल्या जाणाऱ्या आकड्यावर आहे.

आमच्याकडं तपासणी आली ती 2012 मध्ये, हॉकी स्टिकच्या रूपानं. मुंबईत सहायक पोलीस आयुक्त वसंत ढोबळे हॉकी स्टिक घेऊन बारमध्ये शिरायचे आणि पाच रुपयांच्या परवान्याची एकदम आठवण व्हायची. कायदा साठ वर्षं झोपलेला, उठला तो थेट मारायला. वयाचा प्रश्न त्यात कुठल्या कुठं गेला. 2015 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली, वर्धा आणि गडचिरोलीच्या पंगतीला; सहा वर्षांत ती उठलीही. त्याच 2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मजुरी करणारी, हातावर पोट असलेली माणसं. त्यांच्या वयावर कुठल्या वाहिनीनं चर्चा ठेवली नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दुकानं बंद व्हायची वेळ आली, तेव्हा मात्र सरकारी यंत्रणेत चपळाई आली. शहरातले काही राज्यमार्ग पालिकांकडे वर्ग करायची धावपळ झाली. मनात आणलं तर आपलं सरकार रस्त्याचीसुद्धा जात बदलू शकतं, हे तेव्हा कळलं.

त्या दशकाबरोबर काही चांगलंही गेलं. सभागृहात समोरासमोर भांडणं व्हायची. प्राध्यापक मला दलाल म्हणायचे, पण माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचे. पावत्या भरणारा मॅनेजर खोटं लिहायचा, पण कोवळं पोरगं एकटं आलं तर ‘जा, जेवून घे आधी’ म्हणून हाकलायचा. ती परमिट रूम गेली, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. नव्या रूफटॉपवर दारात धिप्पाड बाउन्सर असतो. तो कपडे बघतो, चप्पल घालून आलेल्याला अडवतो. वय विचारत नाही.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं नोंदणी न झालेल्या पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. त्या गाडीच्या नोंदणीचे 1,758 रुपये भरायचे राहिले होते. आणि त्या रात्री एका पबमध्ये झालेलं बिल पोलिसांनी 48 हजारांचं सांगितलं. बाल न्याय मंडळानं आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, पुढं ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं. संतापलेल्या लोकांना दाखवायला मग बेकायदा पबवर बुलडोझर फिरले, काही दिवस दारात ओळखपत्रं मागितली गेली, आणि पावसाळा सरायच्या आत सगळं पूर्ववत झालं. वय 25 असताना हे घडलं. 21 असतं तरी घडलं असतं, 30 असतं तरीही. त्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होऊ देणार नाही असं बजावलं होतं. 2025 च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री असलेल्या मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं, धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार आणला आणि वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडला. पैसा लागतो, मान्य आहे. पण ज्या दुकानातून इतके पैसे येणार, त्या दुकानाच्या दारात एक माणूस उभा करायला त्यातले किती खर्च होणार? वयाच्या सक्तीच्या तपासणीसाठी अखेर सर्वोच्च न्यायालयात याचिका करावी लागली.

माझ्या मागण्या 2011 च्याच आहेत. सगळ्या दारूला एकच वय ठेवा, 21. पाच रुपयांचा परवाना रद्द करा, कारण खोटं लिहायची सवय तिथूनच लागते. दारात ओळखपत्र तपासा आणि न तपासणाऱ्याचं दुकान खरोखर बंद करा, महिनाभर तरी. आणि आडव्या बाटलीच्या मतदानात जी मतं पडतील तीच मोजा.

पुढच्या अधिवेशनात कुणी आमदार वय कमी करा म्हणून लक्षवेधी मांडेल, दुसरा वाढवा म्हणून सभात्याग करेल. दोघांनाही एकच विचारा: तुमच्या मतदारसंघात अल्पवयीन मुलाला दारू विकली म्हणून आजवर कुणाचा परवाना कायमचा गेला, त्याचं नाव सांगा.