नोंदवह्या उघडल्या, तेव्हा

१२ मार्च १९९३ रोजी उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी संसदेत कबुली दिली: देशाने सहा अणुबॉम्ब बनवले होते आणि ते मोडूनही टाकले होते.

अणुनिरीक्षण ही मुळात हिशेबतपासणी. किती इंधन आलं, किती वापरलं, किती उरलं, याच्या नोंदी देशाच्या यंत्रणेने ठेवायच्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी त्या मोजमापं घेऊन, सील आणि कॅमेरे लावून पडताळायच्या. म्हणजे सुरुवात यजमानाच्या शब्दापासूनच होते.

उत्तर कोरियाचा शब्द टिकला नाही. योंगब्योनच्या अणुकेंद्रात १९९० साली एकदाच, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळं काढलं, असं त्याने कळवलं होतं. निरीक्षकांनी तिथली उपकरणं कापडाच्या तुकड्यांनी पुसून घेतली. प्लुटोनियमचा एक प्रकार हळूहळू अमेरिशियममध्ये बदलत जातो. हे अमेरिशियम किती साठलंय, यावरून प्लुटोनियम कधी वेगळं केलं ते कळतं. नमुन्यांतून हे काम एकापेक्षा जास्त वेळा झाल्याचं दिसलं. मग निरीक्षकांनी आणखी दोन जागा पाहू द्या म्हटलं, आणि नकार आला.

दक्षिण आफ्रिकेतलं कामही सोपं नव्हतं. बॉम्ब आधीच मोडलेले, आराखड्यांची कागदपत्रं नष्ट केलेली. हे नष्ट करणं चूकच होतं. त्यातून संशयाला जागा राहिली. पण पेलिंडाबाजवळच्या युरेनियम समृद्धीकरण प्रकल्पाच्या रोजच्या कामाच्या नोंदी शाबूत होत्या, आणि सरकारने त्या निरीक्षकांपुढे ठेवल्या. अनेक वर्षांच्या त्या नोंदींवरून किती युरेनियम तयार झालं असेल, हे निरीक्षकांनी काढलं आणि हाती असलेल्या साठ्याशी ताडून पाहिलं. कार्यक्रमात काम केलेल्या माणसांना प्रश्न विचारता आले. चाचणीसाठी कलहारीत खणलेली खोल विवरं निरीक्षकांच्या देखरेखीखाली निकामी करण्यात आली. साठा दडवून ठेवल्याचं काही चिन्ह अखेर सापडलं नाही.

इराकने लपवलेला अणुकार्यक्रम आणि उत्तर कोरियाचा अनुभव यांनंतर १९९७ साली अतिरिक्त प्रोटोकॉल आला. त्यामुळे निरीक्षकांना जाहीर न केलेल्या जागांपर्यंतही पोचता येतं. मात्र तो स्वीकारणं ऐच्छिक आहे. इराणने २०१६ पासून तो पाळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबवला.