पोटातलं ‘असंतुलन’ : कारण, परिणाम की नुसतं वर्णन?



पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत सध्या ‘आतड्यातील जिवाणू’ हा विषय असतोच. सोबत गृहीतकही तयार असतं : जिवाणूंचं संतुलन बिघडतं, म्हणून पोट बिघडतं. ऐकायला सोपं आणि पटायलाही सोपं. पण समितीसमोर प्रश्न येतो, ‘हेच कारण आहे, हे कशावरून?’ आणि तिथे गाडी अडते. आज हा एकच प्रश्न नीट समजून घेऊया.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

‘पोट ठीक नाही’ ही संशोधनाची व्याख्या होऊ शकत नाही. गॅस, जुलाब, बद्धकोष्ठता, पोटात कळ येणं या सगळ्यांमागची कारणं वेगवेगळी असू शकतात. दुधातली साखर न पचणं, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, थायरॉइडचा त्रास, जंत, आपल्याकडे तर आतड्याचा क्षयसुद्धा! तपासणीत असं काही सापडत नाही आणि तरी त्रास चालूच राहतो, तेव्हा बऱ्याचदा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं निदान होतं.

त्यासाठी 2016 मध्ये ‘रोम 4’ निकष आले. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखायला हवं. त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाला किती वेळा जावं लागतं याच्याशी किंवा शौचाच्या स्वरूपाशी संबंध हवा. या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागू व्हायला हव्यात. शिवाय त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले हवेत. निकष इतके काटेकोर का? कारण तुमच्या अभ्यासातले शंभर रुग्ण आणि दुसऱ्याच्या अभ्यासातले शंभर रुग्ण एकाच प्रकारचे असले, तरच तुलनेला अर्थ राहतो.

बाण कोणत्या दिशेने?

आयबीएसच्या रुग्णांचे जिवाणू निरोगी लोकांपेक्षा वेगळे आढळले, असे अनेक अभ्यास आहेत. मग झालं की सिद्ध! नाही, इथेच थांबा.

2016 मध्ये बेल्जियममधल्या हजाराहून अधिक लोकांच्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतल्या जिवाणूंच्या फरकाशी सर्वांत घट्ट संबंध कशाचा निघाला? शौच घट्ट होतं की पातळ, याचा! अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकलं, तर तिथे टिकणारे जिवाणूही बदलतात. म्हणजे जुलाबामुळे जिवाणू बदललेले असू शकतात. तुम्ही बाण डावीकडून उजवीकडे काढला होता, पण तो उलटाही असू शकतो.

तिसरी शक्यताही आहे. आम्लपित्तावरच्या गोळ्या जिवाणूंची रचना बदलतात आणि पोटाचा त्रास असणारी माणसंच त्या जास्त घेतात. म्हणजे दोन गटांतला फरक आजाराचा नसून गोळीचा असू शकतो. त्यात संतुलित आतडं म्हणजे नेमके कोणते जिवाणू किती, याचं सर्वमान्य प्रमाणच अजून ठरलेलं नाही. म्हणून ‘असंतुलन’ हा शब्द वर्णन म्हणून वापरा. कारण म्हणून वापरायचा असेल, तर पुरावा द्या.

कारणाचा पुरावा कसा दिसतो?

दोन उदाहरणं पाहू.

पहिलं कॅनडातल्या वॉकरटन गावाचं. मे 2000 मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात जनावरांच्या शेणातले जिवाणू मिसळले. सुमारे 2,300 लोक आजारी पडले, सात जण दगावले. संशोधकांनी पुढे गावकऱ्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना आधी आयबीएस नव्हता, त्यांच्यापैकी संसर्गातून गेलेल्या गटात तो सुमारे 36 टक्के लोकांना झाला. संसर्ग न झालेल्यांत सुमारे 10 टक्क्यांना. इथे संसर्ग आधी, त्रास नंतर, आणि तुलनेला त्याच गावातली माणसं. जुलाब जितके जास्त दिवस चालले, तितका धोकाही जास्त. म्हणून हा पुरावा वजनदार आहे.

दुसरं उदाहरण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचं. प्रतिजैविकांमुळे आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी झाले, की तो फोफावतो आणि पुन्हा पुन्हा जुलाब होतात. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडले. 16 पैकी 15 जण बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन औषध दिलेल्या 13 पैकी फक्त चार. संतुलन दुरुस्त केलं आणि आजार गेला. पण हाच उपाय आयबीएसवर करून पाहिला, तेव्हा वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. एका आजारातलं कारण दुसऱ्या आजारावर तसंच चिकटवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

मग उपायांचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात ‘लो फोडमॅप’ आहार विकसित झाला. कांदा, लसूण, गहू, राजमा, सफरचंद अशा पदार्थांतल्या काही साखरी लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात त्या आंबतात आणि गॅस होतो. हे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करून, मग एकेक परत सुरू करून पाहायचा असतो. त्यामुळे आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना आराम पडतो. मात्र तो कायमचा उपास नव्हे, आणि आहारतज्ज्ञांच्या मदतीनेच करावा.

प्रोबायोटिक कॅप्सूलबाबत सावध राहा. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये सांगितलं, की आयबीएससाठी त्या संशोधन-चाचणीपुरत्याच वापराव्यात. 2018 च्या एका इस्रायली अभ्यासात तर प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. घरचं ताक आवडत असेल आणि सोसत असेल तर खुशाल प्या, पण त्याला औषध म्हणू नका.

आणि हा निकाल तर प्रत्येक संशोधकाने पाठ करावा. 2010 मध्ये आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी एका गटाला ‘या गोळ्यांत औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या 59 टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. गोळी न घेतलेल्यांत 35 टक्क्यांना. काहीच न देता 35! मग ‘आमच्या चूर्णाने निम्म्या रुग्णांना बरं वाटलं’ या वाक्याची किंमत नियंत्रण गटाशिवाय किती?

प्रपोजल लिहिण्याआधी

स्वतःला तीन प्रश्न विचारा. आधी काय घडलं आणि नंतर काय? मी एक गोष्ट बदलली, तर दुसरी बदलते का? आणि तुलना कोणाशी? ‘आयबीएसमध्ये जिवाणूंचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘जुलाबाच्या संसर्गानंतर सहा महिन्यांनी कोणाला आयबीएस होतो, आणि त्यांचे जिवाणू त्रास सुरू होण्याआधीच वेगळे असतात का?’ हा प्रश्न झाला.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या पोटाबद्दल. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपमोड होणं, यांपैकी काहीही असेल तर ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून दिवस काढू नका. मेडिकलमधून स्वतःच प्रतिजैविकं आणून तर अजिबात घेऊ नका. सरळ डॉक्टरांकडे जा. आधी तपासणी, मग निष्कर्ष. हा नियम प्रयोगशाळेइतकाच स्वतःलाही लागू आहे.

तुमच्या विषयाचे बाण कागदावर काढून बघा. कुठे अडलं तर कळवा, त्यावर पुढे लिहीन.