‘बरी आहे’ म्हणजे नक्की काय?

डॉक्टर विचारतात, “काय म्हणते तब्येत?” प्रश्न बायकोला असतो, पण उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं, “तिला काय होतंय! गुडघे तेवढे कुरकुरतात.” संसार, सुख आणि तब्येत यांचा संबंध असा एका वाक्यात उरकणारा नाही. म्हणूनच त्याविषयीचे गैरसमजही फार.

गैरसमज : खरं काय ते रिपोर्ट सांगतात, माणसाच्या सांगण्यावर काय जायचं?
वस्तुस्थिती : ‘तुमची तब्येत कशी आहे : उत्तम, चांगली, बरी की वाईट?’ हा साधा प्रश्न भलताच कामाचा निघाला. एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी 1997 मध्ये अशा 27 अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेक अभ्यासांत ‘वाईट’ म्हणणाऱ्यांमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. वय आणि ठाऊक असलेले आजार हिशेबात धरूनही.

गैरसमज : लग्न झालं की तब्येत आपोआप सुधारते.
वस्तुस्थिती : नुसतं लग्न पुरत नाही, संसार कसा चाललाय हेही महत्त्वाचं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 42 जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणून ते भरायला किती वेळ लागतो हे पाहिलं. एकमेकांवर सतत खेकसणाऱ्या जोडप्यांच्या जखमा शांतपणे बोलणाऱ्यांच्या तुलनेत जेमतेम 60 टक्के वेगानं भरल्या. घरातली धुसफूस अंगावर निघते, ती अशी.

गैरसमज : माझं सुख माझ्यापुरतं.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या 1,981 जोडप्यांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांचा जोडीदार आनंदी, त्यांनी स्वतःची तब्येत जास्त चांगली असल्याचं सांगितलं. त्यांचा स्वतःचा आनंद वेगळा काढूनही. यात नवल नाही. गोळीची आठवण करणारं, संध्याकाळी चपला घालून “चल, फिरून येऊ” म्हणणारं माणूस घरात असलं तर फरक पडणारच.

गैरसमज : आनंदी राहा, आजार फिरकणार नाही.
वस्तुस्थिती : गाडी बऱ्याचदा उलट्या दिशेनं धावते, आजारानं माणूस दुःखी होतो. ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, आधीची तब्येत आणि धूम्रपानासारख्या सवयी लक्षात घेतल्यावर, केवळ दुःखी असण्यानं मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा आजारी माणसाला “तू हसत नाहीस म्हणून असं होतं” असं ऐकवणं हा शुद्ध अन्याय आहे.

गैरसमज : बाई कुरकुरत नाही, म्हणजे ती ठणठणीत.
वस्तुस्थिती : बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात एक पाहणी झाली. अमर्त्य सेन तिचा दाखला वारंवार देतात. तब्येत बरी नाही किंवा यथातथाच आहे, असं 48.5 टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं अवघं 2.5 टक्के. हाल विधवांचे कमी होते म्हणून नव्हे, तर आपल्या दुखण्याला मोजायचं असतं हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं म्हणून.

तेव्हा ‘तब्येत कशी आहे?’ हे घरात दोघांनाही विचारा, वेगवेगळं विचारा. पहिलं उत्तर ‘बरी आहे’ असंच येईल. लगेच उठू नका. दुसऱ्या उत्तरासाठी थांबा.