सुई का हलली नाही?

बालमित्रांनो, लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत गेलात, की रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे '१एन४००७' डायोड मागा.

होकायंत्राभोवती प्लॅस्टिकच्या तारेचे दहा वेढे उत्तर-दक्षिण घ्या. दोन सेल, टॉर्चचा बल्ब जोडा. बल्ब पेटताच सुई वळली ना? वीज वाहिली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेन्मार्कच्या ओर्स्टेडना हे १८२० मध्ये दिसलं.

आता मध्ये डायोड जोडा; पांढरा पट्टा सेलच्या ऋण बाजूकडे. बल्ब मंदावतो, कारण सुमारे ०.७ व्होल्ट डायोडच खातो! डायोड उलटा केला, की बल्ब विझतो, सुई उत्तरेकडे परतते. वीज एकाच दिशेनं जाते. सेल उलटे बसले तरी यंत्र जळू नये, म्हणून पुष्कळ ठिकाणी असाच डायोड बसवतात.

घरातल्या प्लगवर हा प्रयोग मुळीच नको, जिवावर बेतेल! आई-बाबा, लक्ष असू द्या.

आता डायोड उलटाच ठेवून सेलही उलटे करा. सुई कुठं वळली?